हलव्याची कृती

पनवेलच्या फ्लॅटमध्ये शोशानाच्या फळीवर पाककृतींची पुष्कळ पुस्तकं होती. त्यातलं सगळ्यांत लाडकं आईच्या वेळचं. आईला वाचता येत नसे. लहानपणी शोशाना कृती मोठ्याने वाचायची आणि आई कढई ढवळत विचारायची, "पुढे?"

आई गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला शोशानाने गव्हाच्या चिकाचा हलवा करायला घेतला. सवयीने ती मोठ्याने वाचू लागली. "आता नारळाचं दूध घाला."

"पुढे?" मागून आवाज आला.

तिचे डोळे भरून आले. मागे न बघता ती एकेक ओळ वाचत राहिली. शेवटी कृती संपली.

"पुढे?"

शोशानाने पुस्तक मिटलं.

बाहेरच्या खोलीतून नवरा, एलाद, पेपर वाचता वाचता म्हणाला, "अगं, आई कधीपासून विचारतायत. सांग ना त्यांना."