ताकदीच्या गोळ्या

दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी कोकिळाच्या तळपायाला टाचणी टोचली. रक्ताचा थेंब आला, पण तिला काहीच कळलं नाही. डोक्यावरचा पदर सरकला, तेव्हा विरळ झालेले केसही दिसले. "मला जाडी बायको नको" म्हणत नवऱ्यानं गेल्या वर्षी मुंबईला नेऊन तिच्या पोटाचं ऑपरेशन करून आणलं होतं.

"आतडं कापून जोडलंय हिचं. खाल्लेलं अंगी लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या ना तिथं?"

कोकिळानं सासूकडे पाहिलं.

"त्या ताकदीन्या गोळ्या शेतस, डाक्टरसाहेब," भिकुबाई म्हणाली. "खाई ते परत फुगी जाई ती."

"मग काय, फेकून दिल्या?"

"फेकू कशाले? मन्ही पोर काडीसारखी. तिनं लगन जमे ना. सम्द्या गोळ्या तिलेच खावाडात."

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. "जमलं मग लग्न?"

"आखाजीना मुहूर्तले शे ना!" भिकुबाईचा चेहरा खुलला. "नवरदेव म्हने, माले आंगे भरेल बायकोच पाहिजे."