तिसरा पट्टा

"मनगटाला काय लावतेस? मनगट घेऊन बसणार आहे का ती ऑफिसच्या काउंटरवर? तोंडाला लाव."

सासूचा आवाज दुकानभर गेला. अख्खी गल्ली तिला कात्री म्हणते, हाताला आणि जिभेला मिळून एकच नाव. बायकांचे कपडे शिवता शिवता तिचे केस पिकले. विक्रीवरच्या मुलीनं सुनेचं मनगट सोडलं आणि फाउंडेशनची बाटली गालाकडे नेली.

"गालालाही नको. इथं." सासूनं सुनेच्या जबड्यावर बोट टेकवलं, तोंड संपून मान सुरू होते तिथं. "शिवण इथं येते. शिवण बसली की सगळं बसलं."

सून उंच स्टुलावर बसली होती. गालांवर आणि जबड्यावर बारीक पुरळ. ते ऑफिसनं दिलेल्या मेकअपच्या डबीचं. तिथल्या सगळ्या मुलींना एकच डबी, एकच रंग. तो लावला की हिचं तोंड राख फासल्यासारखं दिसायचं आणि दुपारपर्यंत आग आग व्हायची. म्हणून दोन दिवस काही न लावता गेली, तर आज मॅडमनी जेवणाच्या सुट्टीतच घरी धाडलं. उद्या चेहरा उजळून या, नाहीतर मागच्या खोलीत फायली लावा.

मुलीनं पहिला पट्टा ओढला. "हा घ्या काकू. दोन शेड उजळ. सगळे हाच नेतात."

"ऑफिसच्या डबीतला रंग हाच," सून पुटपुटली.

"सगळ्यांची कातडी एकाच ताग्यातली आहे का गं?" सासूनं मुलीला विचारलं. "त्याच्याखाली दुसरा लाव. आणि तिसरा तो, खालच्या खणातला."

"तो कुणी मागत नाही काकू."

"मागत नाहीत, की तुम्ही दाखवत नाही?"

मुलगी वाकली. तिसरी बाटली वर काढताना तिला आधी धूळ पुसावी लागली.

जबड्यावर एकाखाली एक तीन पट्टे झाले. सासूनं ते बघितले, मग मान वर करून छताचे दिवे बघितले. "असल्या दिव्यात मी दोऱ्याचं रीळसुद्धा घेत नाही. इथं म्हैससुद्धा गुलाबी दिसेल. चल बाहेर."

"काकू, टेस्टर बाहेर नेता येत नाही. साखळी आहे त्याला."

"बाटलीला आहे. माझ्या सुनेला नाही."

फुटपाथवर ऊन होतं. सासूनं सुनेची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. उद्या त्यांच्यासमोरच बसायचंय ना?"

पहिला पट्टा उन्हात खडूसारखा उठून दिसत होता. दुसरा जरा बरा. तिसरा अजून ओला, चमकत होता. सासू परत आत आली आणि दुसऱ्या स्टुलावर ऐसपैस बसली. "आता अर्धा तास थांबायचं."

गल्ल्यावरून मालक उठून आला. "बाई, हा काय दवाखाना आहे? घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर जागा मोकळी करा."

"नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी बेतत नाही. ही तर कातडी आहे. बिघडली तर उसवून देणार आहात?"

मालक गेला. जाताना काहीतरी बोलला, पण तोंडातल्या तोंडात.

दोघी बसून राहिल्या. गिऱ्हाइकं वळसा घालून जात होती.

"खाजवू नकोस."

"खाजतंय पण."

"कुठला?"

"वरचा."

अर्ध्या तासानं सासूनं तिला पुन्हा दारात नेलं. पहिल्या पट्ट्याची कड लाल झाली होती. दुसरा वाळून गंजासारखा तांबूस पडला होता. तिसरा शोधायला सासूनं चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले, मग विक्रीवरच्या मुलीला हाक मारली. "तिसरा कुठं लावला होतास गं?"

"इथंच. दुसऱ्याच्या खाली."

दोघी वाकून बघत राहिल्या. तिथं पुरळाचे दोन ठिपके होते, तेही सापडेनात.

"हाच," सासू म्हणाली. "बांध."

मालकाला राहवलं नाही. "अहो, यानं त्या काही उजळ दिसणार नाहीत. लावलंय हेसुद्धा कळणार नाही कुणाला."

"दोरा दिसला तर शिवणारीचा हात कच्चा. उजळ कुणी मागितलं होतं तुमच्याकडे?"

मुलीनं बाटली कागदी पिशवीत घातली आणि ओला कापूस पुढे केला. "ताई, ते पट्टे पुसून घ्या."

सुनेनं कापूस घेतला. आरशात बघितलं, बराच वेळ. मग कापूस न वापरताच हळूच काउंटरवर ठेवून दिला.

"राहू देत."

"अगं, अशी घरी येणार? एक लाल, एक गंजका?" सासू म्हणाली.

"घरी नाही जात, आई. मॅडम सहापर्यंत असतात." ती स्टुलावरून उतरली. "त्यांना म्हणते, वरचा तुमचा. मधला दुकानातला. आता माझा कुठंय, तो शोधून दाखवा. सापडला तर उद्यापासून फायली लावते."

सासूनं गल्ल्यावर पैसे मोजले. मग पिशवी उचलली.

ती दाराबाहेर येईपर्यंत सून चौकाच्या पलीकडे पोचली होती. हनुवटी वर, जबडा उन्हाकडे. समोरून येणारे वळून वळून बघत होते आणि ती पावलं सावकाश टाकत त्यांना नीट बघू देत होती.