फुलाविना

नवरा फाउस्तो वारल्यापासून माझी धाकटी बहीण नेलिदा मिंदो गावातल्या घराच्या परसात, फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या गुंजनपक्ष्यांचे फोटो काढत बसायची. फाउस्तो तिथेच ओठांत फूल धरून त्यांना मध पाजायचा. त्या सकाळी मीही तिच्या बाकावर टेकले.

"ताई, हे बघ."

फोटोत एक पक्षी हवेत थबकून, चोच पुढे करून काहीतरी पीत होता. समोर फूलच नव्हतं.

"वेडा झालाय मेला!" मी हसले.

"रोज असंच पितात गं. आधी कुंपणापाशी, मग पेरूखाली. रोज थोडे जवळ येतात."

तेवढ्यात पंखांची गुणगुण कानाशी आली. आमच्या दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत, तोंडाच्या उंचीवर पक्षी थबकला आणि पिऊ लागला.

मी दचकून उठले. नेलिदा मात्र जराशी सरकली. कुणाला नीट बसता यावं, तशी.