सदतीस अंश

फैयाजनं कांदाचाळीत साठवलेल्या वर्षाच्या कांद्यात, कप्प्याकप्प्याला तापमानाचे सेन्सर पुरले होते. कांदा आतून सडून तापला की मोबाईल वाजे. श्रावणापासून रोज दुपारच्या नमाजेनंतर तो मिनिटभर वाजू लागला. सगळे कप्पे सत्तावीस अंशांवर, एखादाच सदतीसवर. उपसून बघावं, तर कांदा थंड, खडखडीत.

"अम्मी, हे सेन्सरच येडं हाय."

"सदतीस म्हंजे माणसाच्या अंगाची ऊब," मुबारकबी म्हणाली. "तुझे अब्बा होते तवर नमाज पढून थेट चाळीत जायचे. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कप्प्याचा आकडा सदतीसवरून हलेचना. फैयाजनं कांदा उपसला. मधोमध ओंजळभर कांदा नुकताच नासू लागला होता.

"दिसला, अब्बा," तो हळूच म्हणाला. "काढा आता हात."

आकडा सत्तावीसवर आला.