तीनदा टॅब

"शनिवारी सर्व्हर बंद होईल, मावशी. सहा वर्षं त्याचं भाडं मी खिशातून भरतोय." भाचा तिच्या खुर्चीमागे उभा होता. "प्रोग्राम उतरवायच्या पानावर एक जाहिरातीची पट्टी आली तर कोणाचं काय बिघडतं? प्रोग्राम फुकटच राहील. कोडही सगळ्यांना खुलाच."

"उद्या आपल्या सगळ्यांच्या सभेत मतं पडतील, तेव्हा बोल," मावशी म्हणाली.

पट्टी त्याने सकाळीच लावली होती, चाचणीपुरती. मावशीला हे माहीत नव्हतं. तिला दिसत नव्हतं. तो प्रोग्रामही ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच होता, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा. तिने आणि गावोगावच्या दहा-बारा अनोळखी माणसांनी मिळून तो लिहिला, तेव्हा एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन होई.

मदतीसाठी दिलेला फोन वाजला. मावशीने चाचपडत स्पीकर लावला.

"ताई, मी नवीन आहे." पलीकडच्या बाईंचा आवाज कापरा होता. "दोन महिने झाले डोळे जाऊन. मुलाने तुमचा प्रोग्राम घालून दिलाय, पण आता म्हणतो, त्याची नवी आवृत्ती उतरवून घे. तुमचं पान उघडून दिलं आणि कामावर गेला."

"मुलगे असेच. घाबरू नका. माउसला हात लावायचा नाही. तीनदा टॅब दाबायचं, मग एंटर. झालं."

"तीनदाच?"

"अठरा वर्षं तीनदाच. पानाचे रंग बदलले, चित्रं बदलली, आम्ही आपसात भांडलो, चौघे सोडून गेले. तिसरा टॅब कोणी हलवला नाही."

तिच्या की-बोर्डवरच्या टॅबचं अक्षर कधीच पुसून गेलं होतं.

भाच्याने मनात मोजलं. पहिला टॅब नावावर, दुसरा शोधपट्टीवर. तिसरा उतरवायच्या बटणावर पडायचा. आता? पट्टी त्याने डोळ्यांनी बघून बसवली होती, मोजून नाही. आत्ता तोंड उघडलं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

"एक," बाई म्हणाल्या. "दोन. तीन. दाबू एंटर?"

"दाबा."



फोनमधून बाईंच्या कम्प्युटरचा सपाट आवाज आला. "अभिनंदन. आपली निवड झाली आहे. पुढे जाण्यासाठी आपल्या बँक कार्डाचा क्रमांक टाका."

मावशीच्या कपाळावर आठी पडली. "काय म्हणाला तो?"

"कार्डाचा नंबर मागतोय, ताई. तुमचा प्रोग्राम फुकट असतो ना?" बाई किंचित हसल्या. "असू दे. परक्याला दिला नसता, पण हे तुमचंच पान आहे. टाकते हं. मला पाठ आहे."

"चार," कम्प्युटर बोलला. "शून्य. सात."

मावशीचा हात फोनकडे गेला. "अहो बाई, जरा..."

"दोन. दोन."

"थांबा!" भाचा ओरडला. "काही टाकू नका. ती जाहिरात आहे. आमची नाही ती. बंद करा ते पान."

पलीकडे बोटं थांबली.

"ताई," बाईंनी हळूच विचारलं, "हे कोण बोललं?"

मावशीने मान त्याच्याकडे वळवली. थोडी चुकली, ती त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होती.

"ज्याला दिसतं तो," ती म्हणाली.