टाकीवरची जागा

हीट गनची गरम हवा मडगार्डवरून फिरली आणि राखेसारखं करडं पडलेलं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होत गेलं, ओल्या पाटीसारखं. गन एका जागी थांबवायची नाही, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून कायमचं वाकडं होतं. मुलीचा हात सरावाचा होता. यावरच तिचं पोट होतं. उन्हानं विटलेल्या मोटरसायकली लोक तिच्या शेडमध्ये आणायचे, काळ्याभोर करून न्यायचे. गिऱ्हाइकांनी तिचं नावच काळी जादूवाली ठेवलं होतं.

आज मात्र गाडी घरचीच होती. तिला आठवतं तेव्हापासून अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी. लहानपणी विचारलं की आई म्हणायची, इंजिन गेलंय. विकून टाका म्हटलं की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. ती या धंद्यात पडल्यापासून तर चारदा विचारून झालं होतं, आणि आईचं उत्तर एकच: राहू दे तशीच, ती कुणाचं काय खाते? जगाच्या गाड्या चमकवायच्या आणि स्वतःच्या दारात ही भुतासारखी उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं शेजारी हसून म्हणायचे.

म्हणून आई चष्मा दुरुस्त करायला गेल्याबरोबर तिनं काम काढलं. बाबा दारातल्या खुर्चीत बसले होते. आजारपणानंतर त्यांचं बोलणं गेलं होतं, त्याला आठ महिने झाले. माणसं ओळखतात की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आपली गाडी पाहून निदान हसतील तरी, असं तिच्या मनात होतं.

साबणपाण्यानं ब्रश मारून तिनं खाचाखाचांतली धूळ काढली. टाकीच्या रंगाला कागदी टेप लावली. मडगार्ड झालं, मग बाजूची दोन्ही झाकणं, मग दिव्याभोवतीचं आवरण. शेवटी स्पंजनं काळं क्रीम चोळलं, टेप सोलून काढली, चाकांत हवा भरली. दोन-अडीच तासांत गाडी आत्ताच दुकानातून आणल्यासारखी झाली. तिनं ती भिंतीपासून वळवली आणि बाबांसमोर स्टँडवर उभी केली.

बाबा उठले. कुणाचाही आधार न घेता उठले, चार पावलं चालत आले आणि टांग टाकून गाडीवर बसले. मग सीटवरच वीतभर मागे सरकले. पुढे, टाकीवर, जागा सोडून.

"छोटी कुठे आहे?" आठ महिन्यांनी फुटलेला आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते.

तिचे डोळे भरून आले. घरात तिला छोटीच म्हणायचे. मी इथंच आहे की, ती म्हणाली.

परक्या बाईकडे पाहावं तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही हो. आमची छोटी. इथं पुढे बसली होती." त्यांचा हात टाकीवरून फिरला. वाकून त्यांनी पुढच्या चाकाखाली पाहिलं, मग फाटकापलीकडच्या रस्त्याकडे. "वळणावर ट्रक आला. मी ब्रेक दाबला. मग ती दिसेना."

फाटकाशी आई उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मुलगी तिच्याकडे वळली ती हसतच. बाबा बोलले, पण भलतंच काहीतरी बोलतायत, हे सांगायला. आईचा चेहरा पाहिला आणि ती जागीच थांबली.

"तुझ्या आधीची," आई म्हणाली. "तीन वर्षांची होती."

मुलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. अठ्ठावीस वर्षं ती या घरात एकुलती एक म्हणून वाढली होती. कुठे एक फोटो नाही, ट्रंकेत एक झबलं नाही, नातेवाइकांच्या तोंडून चुकूनसुद्धा कधी एक शब्द नाही. एवढी सगळी माणसं तिच्यासमोर गप्प राहिली होती. आणि छोटी ही हाक आपल्याआधी दुसऱ्या कुणाची असेल, असं तिच्या आजवर कधी मनातही आलं नव्हतं. काळ्या झालेल्या बोटांनी तिनं भिंत धरली.

बाबांनी आईला ओळखलं.

"सापडली का?"

आईनं हातातली पिशवी खाली ठेवली. इतक्या वर्षांत जिला साधं फडकंही लावलं नव्हतं त्या गाडीजवळ ती आली, आणि टाकीवरच्या बाबांच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"सापडली," ती म्हणाली. "काही लागलं नाही तिला. आत झोपलीये."

बाबांनी मोठा श्वास सोडला. मग सावकाश गाडीवरून उतरले, चपला पायातून काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता दाराकडे निघाले.

मुलगी आईकडे वळली. "आई, तिचं नाव काय होतं?"

बाबा उंबऱ्यात थांबले. वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि त्या परक्या बाईला खुणेनंच सांगितलं, हळू.