बाभळीचा काटा

विदुला माळावरून धावून आली की तिचा नवरा हेरंब तिचे तळवे मांडीवर घेऊन काटे शोधायचा. तिला ते कळायचेच नाहीत. प्रयोगशाळेत तिच्याच पेशींपासून वाढवलेले पाय अंगाला छान जुळले होते, पण त्यांना स्पर्श कळत नव्हता. “रोज अनवाणी धावा, येईल जाग,” डॉक्टर म्हणाले होते. आधी ती कशीबशी विहिरीपर्यंत पोचायची. आता टेकडीला वळसा घालून यायची. जाग मात्र येत नव्हती.

आज ती विहिरीपाशीच मटकन बसली.

“आई गं! हेरंब, काटा!”

मागून येणारा हेरंब सायकल तिथेच टाकून धावला. त्याने खिशातला चिमटा काढला.

“थांब ना रे,” विदुला रडत-हसत म्हणाली, “जरा दुखू दे.”